परदेशी वृत्तपत्रं ऑनलाइन शोधताना: आधी वृत्तपत्र गाठा, बातमी नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीवर प्रकल्प करतोय. मार्गदर्शकांनी किमान चार देशांची त्या काळातली वृत्तपत्रं बघायला सांगितलंय. गुगलवर शोधलं की हल्लीचे लेख येतात, नाहीतर पैसे मागणाऱ्या साइट्स. इंग्रजी सोडून परदेशी भाषा येत नाही. अशी वृत्तपत्रं घरबसल्या, शक्यतो फुकट कुठे मिळतील?"

ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसून हा प्रश्न मी बरीच वर्षं ऐकते आहे. विषय दरवेळी वेगळा, अडकण्याची जागा मात्र तीच. तुम्ही निवडलेली साथ या कामाला फार सोयीची आहे. वृत्तपत्रं शोधताना जेवढ्या खाचाखोचा लागतात, त्यातल्या बहुतेक या एकाच उदाहरणात सापडतात. म्हणून उत्तर त्याच धाग्याने देते.

गडबड सर्चच्या चौकटीतच सुरू होते. 'स्पॅनिश फ्लू', '१९१८', 'न्यूजपेपर' असे शब्द गुगलमध्ये टाकले की येतात ते या साथीबद्दल आजच्या लोकांनी लिहिलेले लेख. त्या वेळची छापील पानं राष्ट्रीय ग्रंथालयांनी स्कॅन करून ठेवली आहेत, पण त्यातलं बहुतांश त्या त्या संग्रहाच्या स्वतःच्या सर्चमधूनच बाहेर येतं. गुगलला तिथलं फार थोडं दिसतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, बातमीच्या मागे लागू नका, आधी वृत्तपत्र गाठा. एक कागद घ्या आणि चार रकाने पाडा: देश, शहर, त्या वर्षी त्या शहरात निघणारं वृत्तपत्र, आणि ते आज कोणत्या संग्रहात आहे. चौथा रकाना भरला की निम्मं काम झालं.

तो भरायला दोन जागा पुरतात. इंग्रजी विकिपीडियावर ऑनलाइन वृत्तपत्र-संग्रहांची देशवार यादी आहे. फुकट कोणतं, विकत कोणतं हेही तिथे लिहिलेलं असतं. लेखात विकिपीडियाचा आधार देऊ नये हे खरंच, पण पत्ता विचारायला ती यादी उत्तम आहे. दुसरी जागा म्हणजे शिकागोच्या सेंटर फॉर रिसर्च लायब्ररीजची 'आयकॉन' नावाची नोंदसूची. कोणत्या वृत्तपत्राचे कोणते अंक कुठल्या ग्रंथालयात आहेत, कागदावर, मायक्रोफिल्मवर (पानांचे फिल्मवर काढलेले बारीक फोटो) की डिजिटल, हे तिच्यात सापडतं. हवं ते वृत्तपत्र ऑनलाइन नाहीच, हे लवकर कळणंही फायद्याचं. आठवडाभराची पायपीट वाचते.

आता काळाचा हिशेब, कारण कुठल्या दारावर थाप मारायची ते काळच ठरवतो. कॉपीराइटची मुदत संपलेली वृत्तपत्रं राष्ट्रीय ग्रंथालयं खुली करतात. अमेरिकेत ही मुदत प्रकाशनापासून ९५ वर्षांची आहे. ऑस्ट्रेलियाच्या संग्रहातली बहुतेक वृत्तपत्रं १९५४ ला येऊन थांबतात. ऑस्ट्रियाचं राष्ट्रीय ग्रंथालय साधारण सत्तर वर्षांपलीकडचे अंक दाखवतं. दुसऱ्या टोकाला गेल्या वीस-पंचवीस वर्षांचं साहित्य वृत्तपत्रांच्या स्वतःच्या वेबसाइटवर असतं. मधला पट्टा, म्हणजे ढोबळमानाने विसाव्या शतकाचा उत्तरार्ध, हा सगळ्यात अवघड. तो बहुतेक विकतच्या डेटाबेसमध्ये आहे. तुमचं १९१८ नशिबाने खुल्या बाजूला पडतं. एखाद्याचा विषय १९७३ चं तेलसंकट असता तर हे उत्तर वेगळ्या जागी सुरू झालं असतं.

सुरुवात न्यूझीलंडच्या 'पेपर्स पास्ट'पासून करा. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा हा संग्रह २००१ पासून चालू आहे, पूर्ण फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. मी नवख्यांना आधी इथेच पाठवते. इंग्रजी आहे, स्कॅन स्वच्छ आहेत आणि सर्च समजायला सोपा आहे. शिवाय तुमच्या विषयासाठी इथे सोनं आहे. 'तालुने' नावाचं जहाज ३० ऑक्टोबर १९१८ ला ऑकलंडहून निघालं आणि ७ नोव्हेंबरला पॅसिफिकमधल्या पश्चिम सामोआ बेटांवरच्या आपिया बंदरात लागलं. त्याच्यासोबत साथ उतरली आणि तिथली सुमारे एक-पंचमांश लोकसंख्या दगावली. शेजारच्याच अमेरिकन सामोआने जहाजांना कडक विलगीकरण लावलं, आणि तिथे त्या साथीत एकही बळी गेला नाही. पेपर्स पास्टवर ऑकलंडची वृत्तपत्रं आहेत आणि सामोआतलं 'सामोआनिशे त्साइटुंग'ही आहे. जर्मन वसाहतीच्या काळात सुरू झालेलं हे पत्र पुढे 'सामोआ टाइम्स' म्हणून इंग्रजीत निघत राहिलं. जहाज जिथून सुटलं तिथली पानं आणि जिथे लागलं तिथली पानं एकाच संग्रहात शेजारी ठेवून वाचता येतात. प्रकल्पाचं एक प्रकरण एवढ्यावर उभं राहू शकतं.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'ट्रोव्ह' हे याचं मोठं भावंड. तिथे बातमीच्या स्कॅनशेजारी संगणकाने वाचलेला मजकूर दिसतो आणि वाचकांना तो दुरुस्त करता येतो. जगभरचे लोक वर्षानुवर्षं ओळीन् ओळ सुधारत आले आहेत, त्यामुळे ट्रोव्हवरचा शोध इतर संग्रहांपेक्षा बऱ्याचदा अधिक अचूक निघतो. इथे फक्त एक जपा: वर्षाच्या फिल्टरमध्ये नुसतं १९१८ टाकून मोकळे होऊ नका. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर १९१८ पासून बंदरांवर विलगीकरण लावून साथ थोपवून धरली होती. ती देशात पसरली १९१९ मध्ये. फिल्टर १९१८ वर ठेवलात तर सगळ्या बातम्या परदेशातल्या मिळतील आणि 'ऑस्ट्रेलियात साथ जाणवली नाही' असा भलताच निष्कर्ष वहीत उतरेल.

अमेरिकेसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचं 'क्रॉनिकलिंग अमेरिका' घ्या. २००७ पासून खुलं आहे. तिथे फिलाडेल्फियाचं 'इव्हनिंग पब्लिक लेजर' उघडा आणि २८ सप्टेंबर १९१८ च्या आसपासचे पंधरा दिवसांचे अंक सर्च न करता, एकेक पान उलटत वाचा. त्या दिवशी युद्धकर्जाच्या रोख्यांसाठी शहरात प्रचंड मिरवणूक निघाली होती. पुढच्याच आठवड्यात शाळा, चर्च आणि नाट्यगृहं बंद करायची पाळी आली. 'इन्फ्लुएन्झा' हा शब्द शोधलात तर बंदीच्या बातम्या मिळतील, पण मिरवणुकीच्या उत्साही बातमीत तो शब्दच नसेल, तर ती निसटेल. दोन्ही पानं शेजारी ठेवल्याशिवाय त्या आठवड्यात काय उलटापालट झाली ते कळत नाही. शोधयंत्र तुम्ही मागाल तेवढंच देतं, ही त्याची जन्मजात खोड आहे. जाहिरातींवरही नजर टाका. व्हिक्स व्हेपोरबसारख्या औषधांच्या जाहिराती त्या महिन्यांत कशा बदलतात हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, आणि जाहिरात म्हणून वेगळी नोंद नसेल तर त्या सर्चमध्ये धड येत नाहीत.

आता भाषेची अडचण. परदेशी भाषा येत नाही म्हणून ती वृत्तपत्रं सोडू नका, विशेषतः या विषयात तर नकोच. या साथीला 'स्पॅनिश' हे नाव चिकटलं तेच वृत्तपत्रांमुळे. महायुद्धात स्पेन तटस्थ होता. लढणाऱ्या देशांतल्यासारखी सेन्सॉरशिप तिथे नव्हती. त्यामुळे मे १९१८ मध्ये माद्रिदच्या वृत्तपत्रांनी आजाराच्या बातम्या उघड छापल्या, राजा तेरावा अल्फोन्सो आजारी पडला तेही छापलं, आणि साथ तिथूनच आली असा बाकी जगाचा समज झाला. हे मुळातून बघायचं तर स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा 'हेमेरोतेका दिखिताल' हा संग्रह आहे, २००७ पासून, फुकट.

पण तिथे जाऊन 'स्पॅनिश फ्लू'चं स्पॅनिश भाषांतर टाकलंत तर मे महिन्यात काहीच मिळणार नाही. स्वतःच्या घरातल्या आजाराला 'स्पॅनिश' कोण म्हणेल? माद्रिदच्या लोकांनी त्याला 'नेपल्सचा सैनिक' असं टोपणनाव दिलं होतं, एका तेव्हा गाजत असलेल्या गाण्यावरून. 'तीन दिवसांचा ताप' असंही म्हणत. म्हणून परक्या भाषेत पहिला शोध बातमीसाठी करायचाच नसतो, तो शब्दासाठी करायचा असतो. माझी रीत अशी: इंग्रजी विकिपीडियावर विषयाचा लेख उघडायचा, भाषांच्या यादीतून स्पॅनिश किंवा फ्रेंच लेखावर जायचं आणि शीर्षकातला शब्द उचलायचा. स्पॅनिशमध्ये 'ग्रिपे', फ्रेंच आणि जर्मनमध्ये 'ग्रिप'. तो शब्द त्या भाषेच्याच स्पेलिंगमध्ये संग्रहात टाकायचा आणि तारीख अगदी आवळून, एकाच आठवड्याची ठेवायची. आलेल्या पहिल्या दोन-तीन बातम्यांचा मजकूर भाषांतर करणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकून वाचायचा. त्या काळचा बातमीदार कोणते शब्द वापरतो ते टिपायचं आणि मग त्या शब्दांनी दुसरा, खरा शोध घ्यायचा. तिसऱ्या फेरीपर्यंत तुमच्याकडे त्या भाषेतले आठ-दहा शब्द जमतात, आणि गंमत म्हणजे मथळे नुसते बघूनही ओळखू यायला लागतात.

इंग्रजीतही हीच काळजी घ्यावी लागते. नावं काळानुसार बदलतात. १९१८ च्या वृत्तपत्रात 'पहिलं महायुद्ध' नाही, 'ग्रेट वॉर' आहे. दुसरं व्हायचंच होतं, तर पहिलं कोण म्हणणार? इस्तंबूल नाही, कॉन्स्टँटिनोपल आहे. इराण नाही, पर्शिया. थायलंड नाही, सयाम. आजचं नाव टाकून 'काहीच सापडलं नाही' म्हणणारे विद्यार्थी मला दर वर्षी भेटतात.

भाषांतराच्या अ‍ॅपवर कुठवर विसंबायचं? बातमी कामाची आहे की नाही हे ठरवण्यापुरतं. जे वाक्य अवतरण म्हणून प्रकल्पात जाणार ते ती भाषा जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, आणि टीपेत मूळ वाक्य मूळ भाषेत द्या. परीक्षक विचारतात. विचारायलाच हवं.

फ्रान्ससाठी 'गालिका' बघा. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा १९९७ पासूनचा संग्रह आहे. त्याच ग्रंथालयाची 'रेट्रोन्यूज' ही खास वृत्तपत्रांची साइटही आहे, तिच्या बऱ्याच सोयी वर्गणीदारांसाठी राखीव असतात. गालिकावर युद्धकाळातलं कुठलंही फ्रेंच दैनिक उघडा आणि मजकुराकडे न बघता नुसतं पान लांबून बघा. मधेच रकान्यात कोरे, पांढरे ठिगळ दिसतील. कधी दोन ओळींचं, कधी अर्ध्या रकान्याचं. सेन्सॉरने मजकूर काढायला लावला आणि भरायला वेळ नव्हता किंवा संपादकाला भरायचाच नव्हता, अशी ही जागा. फ्रेंच नेते क्लेमांसो पुढे पुन्हा पंतप्रधान झाले, पण १९१४ मध्ये ते सरकारवर टीका करणारं दैनिक चालवत होते. त्याचं नाव 'मुक्त माणूस' या अर्थाचं होतं. सरकारने ते काही दिवस बंद ठेवल्यावर त्यांनी ते 'साखळदंडातला माणूस' या अर्थाच्या नावाने पुन्हा काढलं. हे सांगायचं कारण असं की ती पांढरी जागा ओसीआरच्या, म्हणजे संगणकाने स्कॅनवरून वाचलेल्या, मजकुरात दिसत नाही. संगणक कोऱ्या जागेतून काहीच वाचत नाही, आधीची आणि नंतरची ओळ तो सरळ जोडून टाकतो. नुसता मजकूर उतरवून घेणाऱ्याला कळतच नाही की इथून काहीतरी उचललं गेलंय. स्कॅन बघायचाच, मजकूर कितीही स्वच्छ असला तरी.

ओसीआरचं आणखी थोडं सांगते, कारण 'सापडत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा तेच असतं. ओसीआर म्हणजे संगणकाने छापील अक्षर ओळखणं. जुना टाइप झिजलेला, शाई पसरलेली, मायक्रोफिल्म ओरखडलेली. अशात 'इन्फ्लुएन्झा'चा पहिला कॅपिटल आय संगणकाला स्मॉल एल वाटतो. रकाना अरुंद असल्याने शब्द ओळीच्या शेवटी तुटतो आणि त्याचे दोन निरर्थक तुकडे होतात. अठराव्या शतकातल्या इंग्रजीत लांब 'एस' असतो, तो 'एफ' म्हणून वाचला जातो. जर्मनमध्ये तर फ्राक्टूर लिपी, म्हणजे जुनी टोकदार वळणाची छापील अक्षरं. तिच्यात के आणि टी जुळ्या भावांसारखे दिसतात, आणि 'आजार' या अर्थाचा 'क्रांकहाइट' हा शब्द 'क्रांटहाइट' होऊन बसतो. उपाय साधे आहेत. लांब शब्दाऐवजी त्याचा सुरुवातीचा भाग आणि पुढे तारांकन (*) टाका, जिथे संग्रह ते चालवतो तिथे. आजाराच्या नावाऐवजी त्याच्या आसपास येणारे शब्द शोधा: शाळा बंद, मास्क, शवपेट्या, आरोग्य अधिकाऱ्याचं नाव. मुद्दाम चुकीचं स्पेलिंग टाकून बघायलाही लाजू नका, मी रोज टाकते. आणि एक महत्त्वाचा दिवस सापडला की सर्च बंद करून तो अख्खा अंक पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचा.

जर्मन भाषेसाठी ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'आनो' आणि २०२१ मध्ये सुरू झालेलं जर्मनीचं 'डॉइचेस त्साइटुंग्सपोर्टाल' आहे. डच वृत्तपत्रांना 'डेल्फर', तिथे १६१८ पासूनचे अंक मिळतात. ब्राझील आणि मेक्सिको यांचे स्वतःचे खुले संग्रह आहेत. सिंगापूरच्या 'न्यूजपेपरएसजी'वर १८४५ पासूनचं 'स्ट्रेट्स टाइम्स' आहे, मात्र काही अंक ग्रंथालयाच्या इमारतीतच उघडतात. कोरियासाठी नेव्हर कंपनीची 'न्यूज लायब्ररी' आहे, १९२० ते १९९९ ची काही मोठी दैनिकं फुकट. वर म्हटलेला मधला पट्टा इतका खुला क्वचितच सापडतो. कॅरिबियन बेटांसाठी 'डिजिटल लायब्ररी ऑफ द कॅरिबियन'. झारकालीन रशिया, चीनचा चिंग आणि प्रजासत्ताक काळ, मध्यपूर्व आणि आग्नेय आशिया यांची काही वृत्तपत्रं 'ग्लोबल प्रेस आर्काइव्ह' या उपक्रमात खुली झाली आहेत. ब्रिटनचं काय, असं तुम्ही विचारणारच. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह हा मोठा संग्रह २०११ पासून आहे, पण तो वर्गणीचा आहे. काही पानं नोंदणी केल्यावर फुकट दिसतात.

एका गोष्टीचं भान मात्र ठेवा. कोणाची वृत्तपत्रं स्कॅन झाली हे ज्या देशाकडे पैसा आणि जतन केलेल्या फायली होत्या त्यावर ठरलं. आफ्रिकेतल्या कित्येक वृत्तपत्रांचा एकही अंक ऑनलाइन नाही. तिथे बातमी सापडली नाही याचा अर्थ तिथे काही घडलं नाही असा होत नाही.

आता माझी एक जुनी फजिती. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका संशोधकाला मी मोठ्या उत्साहाने एकाच घटनेवरची दहा शहरांतली दहा कात्रणं काढून दिली होती. त्यांनी ती टेबलावर पसरली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "बाई, ही एकच बातमी आहे." खरंच, शब्द न् शब्द तोच. दहाही ठिकाणी तारेने आलेला एकच मजकूर. मथळे तेवढे वेगळे होते. तेव्हापासून मी मथळ्याखालच्या बारीक ओळीवर आधी बोट ठेवते. १९१८ च्या न्यूझीलंडच्या वृत्तपत्रात परदेशी बातमीवर 'ऑस्ट्रेलियन अँड एन. झेड. केबल असोसिएशन' किंवा 'रॉयटर' असं बारीक टाइपात असतं. त्या काळात जगाची बातमी मोजक्या वृत्तसंस्थांच्या हातात होती. रॉयटर, फ्रेंच हवास आणि जर्मन वोल्फ यांनी १८७० मध्ये करार करून जगाचे इलाखेच वाटून घेतले होते. म्हणून चार देशांची चार वृत्तपत्रं म्हणजे चार साक्षीदार असं गृहीत धरू नका. तारेची बातमी बाजूला काढा आणि अग्रलेख, वाचकांची पत्रं, नगरपालिकेच्या सभेचे वृत्तान्त, मृत्युसूचना यांच्याकडे वळा. प्रत्येक गावाचा स्वतःचा आवाज तिथे ऐकू येतो.

तारखांचंही असंच. रशियात जुनं पंचांग चालू होतं, युरोपपेक्षा तेरा दिवस मागे. १९१८ मध्ये तिथे ३१ जानेवारीनंतर थेट १४ फेब्रुवारी उजाडली. त्याआधीचा रशियन अंक लंडनच्या अंकाशेजारी ठेवताना हिशेब करावा लागतो. आणि पहिल्या दिवशीच्या बातमीवर कधीच एकटीवर भिस्त ठेवू नका. ७ नोव्हेंबर १९१८ ला, म्हणजे तालुने आपियाला लागलं त्याच तारखेला, युनायटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने युद्ध संपल्याची बातमी चुकून देऊन टाकली. अमेरिकेत लोक रस्त्यावर नाचले. खरी युद्धबंदी चार दिवसांनी झाली. त्या एका अंकावर तारीख लिहिली असती तर काय झालं असतं ते तुम्हीच बघा.

आणखी एक सापळा आहे आलेखांचा. अमुक शब्द कोणत्या वर्षी किती वेळा आला हे बरेच संग्रह चटकन दाखवतात, आणि तो आलेख प्रकल्पात चिकटवण्याचा मोह होतो. पण एखाद्या वर्षी रेघ उंच दिसते ती कधीकधी एवढ्यासाठीच की त्या वर्षाची जास्त वृत्तपत्रं स्कॅन झालेली असतात. त्या वर्षाची एकूण पानं किती ते बघून प्रमाण काढा, नाहीतर आलेख टाकूच नका.

विकतच्या डेटाबेसबद्दल थोडक्यात. प्रोक्वेस्ट, गेल, नेक्सिस, फॅक्टिव्हा, प्रेसरीडर ही नावं ऐकली असतील. विद्यार्थ्याने खिशातून पैसे भरण्याआधी आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन 'आपल्याकडे वृत्तपत्रांचे कोणते डेटाबेस आहेत, आणि घरून लॉगिन मिळतं का' हे तोंडी विचारावं. वेबसाइटवरची यादी अनेकदा जुनी असते, आणि वर्गणी भरलेली असूनही कोणी वापरत नाही असे डेटाबेस मी पाहिले आहेत. नसेल तर ग्रंथपालांना चाचणी-वापर मागायला सांगा. प्रकाशक काही दिवसांसाठी तो देतात. एक फरक मात्र ओळखा. काही डेटाबेस पानाचं चित्र देतात. लंडनच्या 'टाइम्स'चा १७८५ पासूनचा संग्रह किंवा 'न्यूयॉर्क टाइम्स'चं १८५१ पासूनचं टाइम्समशीन तसे आहेत. नेक्सिससारखे डेटाबेस प्रामुख्याने मजकूर देतात. त्यात फोटो, जाहिराती, मांडणी काही नसतं, आणि मजकूरही पूर्ण असेलच असं नाही. २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टासिनी खटल्यात निकाल दिला की मुक्त पत्रकारांचे लेख त्यांच्या परवानगीशिवाय डेटाबेसमध्ये टाकता येणार नाहीत. त्यानंतर प्रकाशकांनी असे कितीतरी जुने लेख सरळ काढून टाकले. छापील अंकात आहे आणि डेटाबेसमध्ये नाही, याचं हे एक कारण.

१९१८ ची अलीकडच्या एखाद्या साथीशी तुलना करायची असेल, तर चालू वृत्तपत्रांची गोष्ट निराळी. इथे माझा आग्रह एकच: परदेशी वृत्तपत्राची इंग्रजी आवृत्ती म्हणजे ते वृत्तपत्र असं समजू नका. ती बाहेरच्या वाचकांसाठी निवडून, कापून, कधी मवाळ करून काढलेली असते. शक्य तिथे मूळ भाषेतली तीच बातमी उघडून लांबी आणि मथळा ताडून बघा. उलटही घडतं म्हणा. अर्जेंटिनात १९७६ नंतरच्या लष्करी राजवटीत माणसं नाहीशी होत होती तेव्हा स्पॅनिश दैनिकं बहुतेक गप्प होती, आणि रॉबर्ट कॉक्स संपादक असलेलं 'ब्वेनोस आइरेस हेराल्ड' हे छोटं इंग्रजी दैनिक त्यांची नावं छापत होतं. १९७९ मध्ये कॉक्सना देश सोडावा लागला. तेव्हा वृत्तपत्र कोणासाठी निघतं आणि त्याचा मालक कोण, या दोन गोष्टींची नोंद प्रत्येक नावासमोर करून ठेवा.

वेबवरची बातमी सापडली की त्याच क्षणी जतन करा. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ते पान साठवण्याची सोय आहे, ती वापरा, आणि स्वतःकडे पीडीएफ ठेवा. हाँगकाँगचं 'अ‍ॅपल डेली' २४ जून २०२१ ला शेवटचं छापलं गेलं आणि त्याची वेबसाइटही बंद झाली. ज्यांच्या टीपांमध्ये नुसती लिंक होती, त्यांच्या हातात काही उरलं नाही.

टीप लिहिताना वृत्तपत्राचं नाव, शहर, तारीख, पान आणि रकाना एवढं द्या, मग संग्रहाचं नाव आणि पाहिल्याची तारीख. शहर विसरू नका. 'इव्हनिंग पोस्ट' नावाची वृत्तपत्रं कितीतरी शहरांत निघत होती. ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता उचलू नका, त्यात तुमच्या शोधाचे तुकडे असतात आणि तो उद्या चालेलच असं नाही. पेपर्स पास्ट, ट्रोव्ह, गालिका हे तिन्ही संग्रह प्रत्येक पानाला कायमचा पत्ता देतात. तो कुठे दिसतो ते आधीच शोधून ठेवा.

चार देश निवडायचे तर मी न्यूझीलंड (सामोआसह), अमेरिका, स्पेन आणि फ्रान्स घेईन. पहिली दोन इंग्रजीत आहेत, तिथे हात बसेल. स्पेनमध्ये मे १९१८ आणि फ्रान्समध्ये ऑक्टोबर १९१८ एवढाच काळ धरा, जास्त पसरू नका. आणि आज रात्रीच पेपर्स पास्टवर ऑकलंडचं एक दैनिक उघडून ३० ऑक्टोबरपासून पुढचे दहा अंक वाचून टाका. जहाजांच्या ये-जा करण्याचा रकाना आतल्या पानावर, अगदी बारीक टाइपात असतो. तालुनेचं नाव तिथे शोधा.